फ्रू बसली गोलात

आमच्या बेटावर झाडं नाहीत.
वारा आहे, मेंढ्या आहेत,
घरांच्या छपरांवर वाढलेलं गवत आहे,
आणि फुटबॉल खेळणारी मुलं मोजून आठ.
सात मैदानात.
आठवी मी, सुन्नुवा. बाकावर.

माझ्याशेजारी बसायची फ्रू.
फ्रू म्हणजे आमच्या भाषेत बाईसाहेब.
तिला बदक म्हणू नका. हंसीण आहे ती,
बदक म्हटलं की चावते.
अंड्यातून डोकं काढलं तेव्हा तिला आधी दिसले
ब्रांदुरचे चिखलाने माखलेले बूट;
तेव्हापासून ब्रांदुर तिची आई,
आणि ब्रांदुर आमचा गोलकीपर.

मैदानाच्या एका अंगाला डोंगर, बाकी सगळा समुद्र.
चेंडू जोरात गेला की धपकन पाण्यात!
मग फ्रू निघायची, डुलत, कुरकुरत,
जशी काही भरल्या ताटावरून उठवलीय,
आणि चोचीनं ढकलत ढकलत
चेंडू काठाला लावायची.
मासळीच्या कारखान्यातून तसेच येणारे त्रोंदुरकाका,
आमचे कोच, म्हणायचे,
"या संघात काम करते ती एकटीच."

मे महिन्यातला शनिवार. नोर्दविकचा संघ येणार,
गेल्या वर्षी ज्यांनी आम्हाला नऊ गोल घातले, तोच.
सकाळी बघतो तर
गोलच्या जाळ्यात, डाव्या कोपऱ्यात,
फ्रू!
खाली वाळकं गवत, थोडं शेवाळ,
माझा हरवलेला लाल मोजा,
आणि मोज्यावर चार अंडी.

त्रोंदुरकाका उचलायला गेले,
बोट चोखत परत आले.
फेरीबोट लागली, पाहुणे उतरले,
पंच मैन्हार्द (एरवी आमचा पोस्टमन)
नियमांचं पुस्तक पुढून चाळू लागला, मग मागून.
"कुत्रा आत आला तर काय, ते आहे.
अंड्यांवर बसलेल्या बाईसाहेबांचं काही नाही."
आणि चारला बोट परत जाणार.
शिट्टी वाजली.

आता ऐका.
ज्या ब्रांदुरच्या पायांमधून
मेंढीसुद्धा निघून जाईल असं लोक म्हणत,
तो ब्रांदुर उडाला! लोळला! आडवा पडला!
एक चेंडू पोटावर, एक कानावर,
एक तर चक्क नाकावर घेतला.
प्रत्येक वेळी मागे वळून विचारी,
"ठीक आहेस ना?"
फ्रू म्हणे, "हाँक."
मध्यंतराला शून्य–शून्य.

पण मध्यंतरानंतर बाजू बदलतात.
घरटं गेलं त्यांच्या गोलकीपरकडे.
रान्वा तिचं नाव, दोन वेण्या, हाताला प्लास्टर झालेलं नुकतंच निघालेलं.
ती फ्रूसमोर उकिडवी बसली, हळूच म्हणाली,
"आमच्याकडे सहा कोंबड्या आहेत. मला कळतं."
फ्रूनं तिला चावलं नाही.
ब्रांदुर मात्र पलीकडच्या टोकाला, मान उंच करून
सगळा वेळ घरट्याकडेच बघत राहिला,
आणि दोन गोल त्याच्या पायांमधून निघून गेले.

शेवटची पाच मिनिटं.
हाल्लुरचा घोटा मुरगळला, काकांनी माझ्याकडे पाहिलं.
मी! बाकावरची मी!
चेंडू कसा आला ठाऊक नाही, पायाशी आला,
रान्वा चिखलात घसरली,
समोर उघडा गोल,
आणि कोपऱ्यात, माझ्या मोज्यावर,
फ्रू. मान ताठ. माझ्याकडेच बघत.

सगळे ओरडत होते, "मार! मार!"
मी मारला.
असा मारला की चेंडू गोलवरून, मेंढ्यांवरून, धक्क्यावरून
थेट समुद्रात.

आम्ही सगळ्यांनी सवयीनं फ्रूकडे पाहिलं.
ती हलली नाही.
फक्त एक अंडं चोचीनं सरकवून नीट पोटाखाली घेतलं.
बोटीनं भोंगा दिला. शून्य–दोन, हरलो.
जाताना रान्वा मला म्हणाली, "छान मारलास."

नऊ दिवसांनी मैन्हार्द सायकलवरून आला,
थैलीत पत्रं कमी, चेंडूच मोठा.
नोर्दविकच्या काठाला लागला होता म्हणे.
वर पेनानं लिहिलं होतं, थोडं पुसट झालेलं:
"फुटली का?"

अजून नाही.
ब्रांदुर गोलच्या खांबावर रोज एक रेघ ओढतो.
सराव आम्ही अर्ध्या मैदानातच करतो.
आणि माझा एक पाय अजून
निळ्या मोज्यात असतो.